फेऱ्यांवरून नकाशा

मनोरीला पोचायच्या वाटा मोजक्या आहेत. मालाड स्टेशनवरून मार्वेला यायचं आणि जेटीवरून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, ही सगळ्यांत जवळची. या बोटीत माणसांबरोबर दुचाक्याही चढतात. दुसरी वाट बोरिवलीची. तिथून बोटीनं गोराई गाठायचं आणि मग रस्त्यानं खाली मनोरीला उतरायचं. तिसरी वाट ज्यांना बोट नको त्यांची: भाईंदर, उत्तन, गोराई करत लांबचा वळसा. मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि उत्तन-भाईंदर ठाणे जिल्ह्यात. म्हणजे मोटारीनं मुंबईतून मुंबईतच जायचं तर वाटेत दुसरा जिल्हा लागतो.

हा सगळा पसारा कागदावर सात ठिकाणं आणि आठ दुव्यांत मावतो. दुव्यांना क्रमांक देऊ. 1 म्हणजे मालाड-मार्वे रस्ता, 2 मार्वे-मनोरी बोट, 3 मनोरी-गोराई रस्ता, 4 गोराई-उत्तन रस्ता, 5 उत्तन-भाईंदर रस्ता, 6 भाईंदर-बोरिवली लोकल, 7 बोरिवली-मालाड लोकल आणि 8 बोरिवली-गोराई बोट. अधली स्टेशनं, पाडे, फाटे सोडून दिले आहेत. अशा जाळ्याला गणितात ग्राफ म्हणतात. अंतर किती, रस्ता वळणाचा की सरळ, भाडं किती, याला ग्राफमध्ये काही किंमत नाही. कोण कोणाला थेट जोडलेलं आहे, एवढंच तिथे चालतं.

एका ठिकाणाहून निघावं, वाटेत कुठलंही ठिकाण दोनदा न घेता पुन्हा तिथेच यावं, की एक फेरा झाला. मनोरीच्या या जाळ्यात असे तीनच फेरे आहेत. दक्षिणेच्या फेऱ्यात 1, 2, 3, 8 आणि 7 हे दुवे येतात, उत्तरेच्या फेऱ्यात 4, 5, 6 आणि 8. तिसरा फेरा सगळ्याला बाहेरून वेढा घालणारा: 1 पासून 7 पर्यंत सगळे दुवे, फक्त 8 वगळून.

आता प्रश्न उलटा फिरवू. समजा नकाशा हरवला. ठिकाणांची नावंही गेली. हातात उरल्या त्या फक्त फेऱ्यांच्या तीन याद्या, आणि त्यांतही क्रम लिहिलेला नाही. 1, 2, 3, 7, 8 मिळून एक फेरा होतो, एवढंच कळतं. कशानंतर काय येतं ते कळत नाही. एवढ्यावरून नकाशा पुन्हा उभा करता येईल का? गणिताच्या भाषेत हाच प्रश्न असा: एका ग्राफचे दुवे दुसऱ्या ग्राफच्या दुव्यांशी एकास एक जुळवले, आणि पहिल्यातला प्रत्येक फेरा दुसऱ्यातही बरोबर फेराच निघाला, उलटही तसंच झालं, तर ते दोन ग्राफ एकच असलेच पाहिजेत का?

फेऱ्यांचा हिशेब प्रथम वीजवाल्यांनी मांडला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव किर्खहॉफ यांनी 1847 मध्ये दाखवलं, की अखंड जोडलेल्या जाळ्यात स्वतंत्र फेरे किती, हे दुव्यांच्या संख्येतून ठिकाणांची संख्या वजा करून एक मिळवला की निघतं. इथे 8 उणे 7 अधिक 1, म्हणजे दोन. तिसरा फेरा या दोनांतूनच बनतो: दक्षिणेचा आणि उत्तरेचा फेरा एकत्र ठेवा, दोघांत समाईक असलेला दुवा 8 गाळा, उरतो तो मोठा वेढा. विजेच्या जाळ्यातले प्रवाह काढायला विद्यार्थी आजही याच स्वतंत्र फेऱ्यांची समीकरणं मांडतात.

फेऱ्यांवरून नकाशा निघतो का, याचं पहिलं उत्तर निराशाजनक आहे. ज्या जाळ्यात एकही फेरा नाही, त्याची यादी कोरीच राहणार. गणितात अशा अखंड जाळ्याला वृक्ष म्हणतात. सहा दुव्यांचे वेगवेगळ्या घडणीचे वृक्ष 11 आहेत आणि दहा दुव्यांचे 235. या सगळ्यांच्या फेऱ्यांची यादी एकच, रिकामी. त्यांतला कुठला कोणता हे फेऱ्यांवरून ओळखायचं म्हणजे कोऱ्या पाटीवरून वाचायचं.

मनोरीच्या जाळ्याबद्दल याद्या बरंच काही सांगतात, पण सगळं नाही. 1, 2, 3, 7 हे चौघे कायम बरोबर असतात. ज्या फेऱ्यात एक आहे त्यात चौघे आहेत, ज्यात एक नाही त्यात कोणीच नाही. 4, 5, 6 यांचंही तसंच. 8 दोन्ही छोट्या फेऱ्यांत आहे, म्हणून तो मधला. म्हणजे दोन ठिकाणांमध्ये तीन वाटा: एक चार दुव्यांची, एक तीन दुव्यांची आणि एक थेट. इथवर छान जमलं. पण चार दुव्यांच्या वाटेवर कोण आधी, कोण नंतर? याद्या गप्प. चार दुवे 24 प्रकारे लावता येतात, तीन दुवे 6 प्रकारे, मिळून 144. दोन्ही वाटा एकदम उलट्या वाचल्या तर तोच नकाशा पुन्हा मिळतो, म्हणून निम्मे, म्हणजे 72 नकाशे. त्यांतल्या एकात मालाड स्टेशनच्या दारातच बोट लागते आणि पलीकडे उतरल्यावर मालाड-मार्वे रस्ता सुरू होतो. फेऱ्यांच्या याद्यांना याचं काही सोयरसुतक नाही. दिवाळीच्या माळेतल्या दोन दिव्यांच्या जागा बदलल्या तरी प्रवाहात फरक पडत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

चिकित्सक वाचक इथे हटकेल. या 72 नकाशांवर क्रमांकांच्या पाट्या बदलल्या, पण पाट्या काढून टाकल्या तर आकार सगळीकडे तोच आहे ना? हरकत अगदी बरोबर. म्हणून जाळ्यात नववा दुवा घालू: बोरिवली ते मालाड स्वामी विवेकानंद मार्ग. आता बोरिवली-मालाड दुहेरी जोडलेले झाले, लोकलनं आणि रस्त्यानं. बोरिवलीला चार दुवे टेकतात: भाईंदरची लोकल, मालाडची लोकल, मालाडचा रस्ता आणि गोराईची बोट. आता ही दुहेरी जोडणी तिथून उचलून वाटेच्या मध्यावर, मार्वे आणि मनोरीच्या मध्ये बसवा आणि तिथली एकेरी बोट मालाड-बोरिवलीच्या मध्ये टाका. एकूण फेरे आधीही सहा होते, आताही सहाच, आणि प्रत्येक फेऱ्यातले क्रमांकही तेच. पण नव्या जाळ्यात चार दुवे टेकणारं एकही ठिकाण राहिलेलं नाही. सगळीकडे दोन नाही तर तीन. आता पाट्या काढल्या तरी दोन जाळी वेगळीच. म्हणजे फेरे तंतोतंत जुळूनही ग्राफ निराळे असू शकतात.

या घोटाळ्यामागचं कारण एकदा दिसलं की सोपं आहे. जाळ्याचा एखादा तुकडा बाकीच्या जाळ्याशी फक्त दोन ठिकाणी जोडलेला असला, तर कुठलाही फेरा त्यात एका ठिकाणी शिरून दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडणार. तिसरं दारच नाही. मग तो तुकडा सोडवून, तव्यावरची भाकरी उलटावी तसा उलटून, टोकांची अदलाबदल करून पुन्हा चिकटवला, तरी आत शिरणारा फेरा आतले तेच दुवे वापरून बाहेर पडतो, फक्त उलट दिशेनं. फेऱ्यांच्या यादीत दिशा लिहिलेली नसते. नकाशा मात्र बदललेला असतो. दुहेरी जोडणी वाटेच्या मध्यावर नेली, ती अशाच उलटापालटीनं.

हॅसलर व्हिटनी यांनी 1933 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये या प्रश्नाचा पुरता निकाल लावला. 1907 साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस येलमधून संगीताचीही पदवी घेतलेला आणि पक्का गिर्यारोहक. न्यू हॅम्पशायरमधल्या एका कड्यावरची वाट त्यानं 1929 मध्ये आपल्या चुलत भावाबरोबर सर केली, ती आजही दोघांच्या नावानं ओळखली जाते. हार्वर्डला 1932 मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली ती ग्राफ रंगवण्याच्या प्रश्नावर. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का, हे कोडं तेव्हा सुटायचं होतं, आणि नकाशांच्या घडणीकडे व्हिटनी वळला तो त्या वाटेनं.

त्याचा निकाल असा. दोन ग्राफचे फेरे दुव्यागणिक जुळत असतील, तर एकातून दुसरा मिळवायला तीनच करामती पुरतात. एकाच ठिकाणी टेकलेले दोन तुकडे तिथून सुटे करणं, सुटे तुकडे एका ठिकाणी चिकटवणं, आणि दोन ठिकाणी धरलेला तुकडा वर सांगितल्याप्रमाणे उलटणं. याखेरीज चौथी पळवाट नाही. या करामतींनी फेरे बिघडत नाहीत हे कोणालाही पटतं. बाकी काही उरतच नाही हे दाखवणं ही खरी मेहनत. सिद्धांताचं मोल तिथेच आहे.

त्यातून मूळ प्रश्नाचं नेमकं उत्तर पडतं. ज्या ग्राफमध्ये या करामतींना जागाच नाही, त्याचा नकाशा फेऱ्यांवरून पक्का ठरतो. चाचणीही सोपी आहे: जाळ्यातली कोणतीही दोन ठिकाणं बंद करून पाहा. उरलेली ठिकाणं दर वेळी एकमेकांशी जोडलेलीच राहिली आणि दुहेरी दुवे नसले, तर तो ग्राफ ताठ आहे. त्याचे फेरे दुसऱ्या कुठल्याही ग्राफच्या फेऱ्यांशी जुळले, तर तो दुसरा ग्राफ तोच असणार. फक्त त्यात कुणाशीही न जोडलेली एकटी ठिकाणं भरताडीला नसावीत. मनोरी या चाचणीत नापास होते. मालाड आणि गोराई बंद करा, मार्वे आणि मनोरी बाकी जगापासून तुटतात.

ताठ ग्राफमध्ये फेऱ्यांवरून ठिकाणं शोधायची कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सगळ्यांत लहान उदाहरण चार ठिकाणांचं, प्रत्येक ठिकाण बाकी तिघांशी जोडलेलं. दुवे सहा. समजा कुणी फेऱ्यांची यादी दिली: 1-2-3, 1-4-5, 2-4-6, 3-5-6 हे चार तीन दुव्यांचे फेरे, आणि शिवाय तीन चार दुव्यांचे. ठिकाणांची नावं नाहीत, चित्र नाही.

आता असा दुव्यांचा गट शोधायचा, की ज्यातला फक्त एकच दुवा कोणत्याही फेऱ्यात सापडता कामा नये. सापडले तर दोन किंवा जास्त, नाही तर एकही नाही. शिवाय गट काटकसरीचा हवा, त्यातला एकही दुवा काढून चालू नये. 1, 3, 5 हा गट घ्या. पहिल्या फेऱ्यात त्यातले 1 आणि 3 आहेत, दुसऱ्यात 1 आणि 5, चौथ्यात 3 आणि 5, तिसऱ्यात एकही नाही. चार दुव्यांच्या फेऱ्यांतही दोन-दोनच सापडतात. गट पास. असा गट म्हणजे जाळ्याचे बरोबर दोन भाग करणारी कात्री. कारण उघड आहे: फेरा एका भागातून दुसऱ्यात गेला तर त्याला परतही यावं लागतं, एकदाच ओलांडून भागत नाही.

पण कात्री चालवून एका बाजूला एकटं ठिकाण पडलं, की दोन्ही बाजूंना दोन-दोन? व्हिटनीच्या ताठ ग्राफमध्ये याचाही पत्ता फेऱ्यांवरूनच लागतो. गट काढून टाका आणि उरलेल्या दुव्यांकडे पाहा. कोणतेही दोन उरलेले दुवे, फक्त उरलेल्याच दुव्यांनी बनलेल्या एखाद्या फेऱ्यात एकत्र येत असतील, तर कात्रीनं एकच ठिकाण सुटं केलं आहे. 1, 3, 5 काढले की 2, 4, 6 उरतात आणि ते स्वतःच एक फेरा आहेत. म्हणजे 1, 3, 5 एका ठिकाणी टेकतात. याउलट 2, 3, 4, 5 हा गटही कात्रीच आहे, पण तो काढला की उरतात 1 आणि 6, आणि त्यांचा मिळून फेरा होत नाही. म्हणून तो बाद. अशी चाळणी लावली की चारच गट उरतात: 1-3-5, 1-2-4, 2-3-6 आणि 4-5-6. हीच चार ठिकाणं. दुवा 1 पहिल्या दोन गटांत आहे, म्हणजे तो त्या दोन ठिकाणांना जोडतो. नकाशा तयार.

हाताशी हजारो दुव्यांचं जाळं असलं तरी घाबरायचं कारण नाही. जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1973 मध्ये कोणताही ग्राफ अशा ताठ तुकड्यांत फोडण्याची झपाट्याची रीत दिली. कुठे सांधा ढिला आहे आणि कुठे पक्का, हे संगणक क्षणात सांगतो.

फेऱ्यांनाच मुख्य धरून ठिकाणांना दुय्यम ठरवणारी ही नजर व्हिटनीनं आणखी पुढे नेली आणि 1935 मध्ये ‘मॅट्रॉइड’ ही कल्पना मांडली. तिच्यात ग्राफ येतात आणि ग्राफच्या पलीकडचंही बरंच येतं. या विषयाला महाराष्ट्रात चांगलं घर मिळालं. पुण्यातले टी. टी. रघुनाथन, एम. एम. शिकारे आणि बी. एन. वाफारे यांनी ग्राफमधलं एक ठिकाण फोडून त्यातले दोन दुवे वेगळे काढण्याची क्रिया मॅट्रॉइडच्या एका मोठ्या वर्गासाठी मांडली. त्यांचा तो लेख 1998 मध्ये ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’मध्ये आला आणि त्यावर पुढे बरंच काम झालं. पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे एच. नारायणन यांनी विजेच्या जाळ्यांना हेच गणित लावणारा जाडजूड ग्रंथ 1997 मध्ये लिहिला. किर्खहॉफच्या वीजजाळ्यांपाशी सुरू झालेला विषय पवईत पुन्हा वीजजाळ्यांपाशी आला.

एक सावधगिरी राहिली, आणि तिच्यावर मराठी माणसाचं नाव कोरलेलं आहे. फेरे जुळणं म्हणजे फेऱ्यांची संख्या जुळणं नव्हे. दोन ग्राफमध्ये तीन दुव्यांचे फेरे सारखे, चार दुव्यांचे सारखे, एवढ्यावर ते एकच आहेत असं म्हणता येत नाही. याचा सर्वांत देखणा पुरावा शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी 1959 मध्ये दिला. श्रीखंडे जन्मले 1917 मध्ये सागरला, शिकले नागपूरला, आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला राजचंद्र बोस यांच्याकडे 1950 मध्ये डॉक्टरेट झाले. 1959 हे त्यांचं वर्षच होतं. बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलरचं 1782 पासून चालत आलेलं अनुमान खोटं पाडलं आणि ती बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. पुढे 1963 मध्ये ते मुंबई विद्यापीठात आले आणि तिथला गणित विभाग त्यांनी उभा केला. 2020 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय 102 होतं.

त्याच 1959 च्या दुसऱ्या एका लेखात त्यांनी बुद्धिबळाच्या हत्तीचा विचार केला. 4 बाय 4 चा पट घ्या, प्रत्येक घर म्हणजे ठिकाण, आणि हत्ती एका चालीत जिथे जातो तिथे दुवा. प्रत्येक घराला सहा शेजारी, एकूण 48 दुवे, आणि कोणत्याही दोन घरांना समाईक शेजारी नेमके दोन. पट कोणत्याही मापाचा असो, त्याचे असे आकडे दिले की ग्राफ ठरतो, हे श्रीखंडे यांनी सिद्ध केलं; अपवाद फक्त 4 बाय 4 चा. तिथे हेच सगळे आकडे पाळणारा एक निराळा ग्राफ निघतो, आणि तो जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणून ओळखला जातो. दोन्ही ग्राफमध्ये चालत चालत निघाल्या जागी परत येण्याचे मार्ग, कितीही पावलांचे घ्या, संख्येनं सारखेच भरतात.

या दोन ग्राफना व्हिटनीची चाचणी लावली तर दोन्ही पास होतात. कोणतीही दोन ठिकाणं काढली तरी बाकीचं अखंड राहतं. आणि ते दोन ग्राफ एक नाहीत. म्हणजे 48 दुव्यांची नावं कशीही फिरवली तरी त्यांचे फेरे एकास एक जुळणार नाहीत, हे व्हिटनीच्या सिद्धांतानं आपोआप ठरलं. आकडे फसवतात, दुव्यागणिक जुळणी फसवत नाही. ‘हे दोन ग्राफ एकच आहेत का’ हा सर्वसाधारण प्रश्न संगणकालाही जड जातो. लास्लो बाबाई यांनी 2015 मध्ये जाहीर केलेली त्यावरची रीत गाजली ती म्हणूनच. श्रीखंडे ग्राफच्या जातीचे, सगळीकडून सारखे दिसणारे ग्राफ त्यातही त्रासदायक.

हे पडताळायला मात्र संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीत 4 बाय 4 अशी सोळा टिंबं दोनदा काढा. पहिल्या चित्रात प्रत्येक टिंब त्याच्या आडव्या आणि उभ्या रांगेतल्या सगळ्यांशी जोडा. दुसऱ्यात प्रत्येक टिंब डावं, उजवं, वरचं, खालचं आणि एकाच कर्णावरची दोन्ही, अशा सहा टिंबांशी जोडा. पटाच्या काठावरून बाहेर पडणारी रेघ समोरच्या काठावरून आत आणा. मग एखादं टिंब निवडून त्याच्या सहा शेजाऱ्यांचे आपसातले दुवे पाहा. पहिल्या चित्रात ते तिघा-तिघांच्या दोन टोळ्या करून बसलेले दिसतील, दुसऱ्यात सहाजण मिळून एक कडं करतील. तीन दुव्यांचे फेरे दोन्हीकडे 32 आणि चार दुव्यांचे 60 भरतील. पण चौघं जण एकमेकांशी थेट जोडलेले, असा गट फक्त हत्तीच्या पटावर सापडेल.